नमुने

बाटलीच्या तळाशी नखभर जाडीचा गाळ बसला होता. प्राध्यापक बाईंनी ती टेबलावर ठेवली, तशी विभागप्रमुखांनी बाजूला सरकवली.

“मॅडम, मुलांना वस्तीतलं पाणी तपासायला नेणं अभ्यासक्रमातून काढा. तुमच्या बढतीवर आजच सही करतो. किती दिवस उत्तर टाळणार?”

“त्या वस्तीतली एक मावशी परवा मुलांना म्हणाली, ‘दरवर्षी येता, नमुने घेता, परीक्षा आली की गायब. खरे नमुने तुम्हीच.’”

सर हसले. “बघा, त्यांनाही नकोय.”

“गायब होणं नकोय. पाणी सुधारेपर्यंत येत राहू, असं मुलांनी कबूल केलंय.”

“मुलं काय, उद्या पास होऊन जातील. तुम्ही सोडा हा नाद.”

“सोडला, सर,” बाई शांतपणे म्हणाल्या. “बढतीचा.”