दक्षिणेची मोरी

पडेगावच्या आमच्या घरी वास्तूवाले साहेब आले, अंगण बघितलं आणि म्हणाले, "या दक्षिणेच्या मोरीतून तुमची लक्ष्मी वाहून जातीय." माझा विश्वजीत लई शिकलेला, त्याला लगेच पटलं. मी चौथी नापास, मला नुसता उतार दिसला.

"लेका, सगळं अंगण तिकडंच उतरतंय. पाणी काय तुझ्या साहेबाला विचारून उत्तरेला चढंल?"

"आई, तुला त्यातलं कळत नाय."

भिंतीतली मोरी सिमेंटनं बुजवली. श्रावणात झड लागली आणि लक्ष्मी खरंच थांबली, गुडघाभर! उंबरा ओलांडून आत आली, गव्हाची पोती भिजवली. सूनबाई बादलीनं लक्ष्मी उपसत बसली. मी पहार उचलली, तर विश्वजीत आडवा आला. "साहेबांना विचारल्याबिगर हात लावायचा नाय."

मग मी साहेबांनाच जेवायला बोलावलं. त्यांची नवी गाडी आग्रह करून अंगणात, मोरीपाशीच लावून घेतली. मला भरलेलं आभाळ दिसत होतं, त्यांना पुरणपोळीचं ताट. दुसऱ्या पोळीला पाऊस सुरू झाला, चौथीला गाडीची चाकं दिसेनात. साहेब खरकट्या हातानंच अंगणात धावले.

"मावशी, पहार! पहार कुठंय?"

दाराशीच टेकवून ठेवली होती. त्यांच्या हातात दिली आणि म्हणलं, "बेतानं मारा साहेब. लक्ष्मी जाईल."