चार राजे जप्त

जिंतूरला रामलिंगअप्पांच्या दुकानाच्या ओट्यावर पत्ते रंगले होते. नवा जमादार आला आणि बदामचा राजा बघून डाफरला, "रियासतीत राजा एकच, आपले निजामसरकार! हे चार कुठले?" असल्या अकलेला सरकार पगार देत होतं! चारी राजे जप्त करून त्यानं खिशात घातले.

कुणीतरी हातापाया पडत येईल म्हणून त्यानं आठ दिवस वाट पाहिली. कुणी फिरकलं नाही. शेवटी तोच ओट्याशी आला, तर पत्ते चालूच.

"माफी मागा अन् घ्या तुमचे राजे," तो गुरगुरला.

रामलिंगअप्पांनी मान वर न करता पान टाकलं.

 

"ठेवा तुमच्यापाशीच, साहेब. राजाबिगर डाव अडत न्हाई, हे आठ दिवसांत समद्यांला कळलंय."