आंदणाची गाय

नवरीला आंदण दिलेली गाय सासरच्या दारात अडून राहिली. "कपिले, चल," म्हणून नवरीचे वडील दमले.

"भिवा, तू राखतोस ना हिला? मग हाक मार की!" ते खेकसले.

भिवानं दावं घट्ट धरलं. सगळं वऱ्हाड बघत होतं. माळावर ऐकायला कुणी नसायचं, म्हणून तो गायीला नवरीच्याच नावानं बोलवायचा. आता ती 'रंगू' म्हटल्याशिवाय पाऊल उचलत नव्हती. खऱ्या रंगूनं मात्र त्याच्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात नवरदेवाची बहीण ओंजळभर पेंड घेऊन आली. गाय मुकाट्यानं तिच्यामागे गेली.

दावं तिच्या हाती देताना भिवानं धीर करून तिचं नाव विचारलं.

त्याच्या गोठ्यातल्या कालवडीला अजून नाव ठेवायचं होतं.