परका खोकला

औषध लागू पडलं होतं. दिवसाकाठी चारशे वेळा खोकणारे आजोबा आता जेमतेम साठावर आले होते. त्यांच्या गळ्यात अडकवलेल्या यंत्रात चोवीस तासांचा आवाज भरलेला असे, आणि संशोधन विभागातली नर्स कानाला हेडफोन लावून एकेक खोकला मोजत असे. घरातल्या दुसऱ्या कुणाचा असेल तर ‘परका’ म्हणून खोडायचा, असा नियम. या खेपेला तिने एकशे तीस परके खोडले. प्रत्येक वेळी आधी नळ जोरात सुटायचा, पाण्याआड कुणी बाई खोकायची, मग नळ बंद. निकाल ऐकायला आजोबा हसतच आले. “पोरी, घरात कशी शांतता आहे! फक्त हिला भांडी घासायचं खूळ लागलंय.” “आजी आल्यात बरोबर?” “बाहेर बसलीय.” तेवढ्यात बाहेरच्या बेसिनचा नळ जोरात सुटला. “ऐकलंस? इथंही सुरू!” नर्सने ऐकलं होतं. एकशे तीस वेळा.