मेणाचे पाय

वसईतल्या आमच्या जुन्या चर्चमध्ये पायी यात्रेकरू थांबतात. शरीराचं जे दुखतं, त्याचा मेणाचा आकार वेदीपाशी ठेवतात. माझा नवरा प्लासिड माडावरून पडला, कमरेखालचं सगळं बधिर झालं, तेव्हा मीही दोन मेणाचे पाय ठेवले.

चर्च झाडायला मीच जाते. आणि रोज सकाळी नेमके आमच्याच पायांचे तळवे खाडीच्या काळ्या चिखलाने बरबटलेले! पुसून पुसून जीव नकोसा झाला. फादर म्हणतात, "जॉयस, पोरांचा खेळ असेल." कुलूप काय पोरं उघडतात?

घरी प्लासिडचं वेगळंच. "चालून चालून दमलो गं."

"अंथरुणात कुठे चालतोस रे?" मी खेकसते.

आज माझं डोकंच फिरलं. ते पाय सरळ गरम पाण्यात बुचकळून घासले. व्हायचं तेच झालं. मेण मऊ पडलं आणि डाव्या टाचेत माझा अंगठा रुतला.

चडफडत घरी आले, तर प्लासिड कण्हत होता. "टाच बघ गं. काहीतरी रुतलंय."

"तुला कुठे काय कळतंय तिथलं!" म्हणत मी चादर उचलली.

डाव्या टाचेत खळगा होता. मी त्यावर अंगठा ठेवून पाहिला.

बरोब्बर बसला.