अर्जाखालचा ता. क.

“...तरी सदर नोंद मंजूर करू नये, ही विनंती.” शंकरप्पाने टाइप केलेलं वाचून दाखवलं आणि खाली अर्जदार म्हणून नागव्वाचं नाव घातलं. वारलेल्या आईच्या जमिनीला भावाचं, चन्नवीरचं, एकट्याचं नाव लागणार होतं, त्यावर ही बहिणीची हरकत. सात रस्त्याजवळच्या त्या टायपिंगच्या दुकानात दुपार पेंगत होती. पंखा फिरत होता, वारा मात्र कुणालाच लागत नव्हता.

“ह्याची नक्कल चन्नवीरला जाती की?” नागव्वाने विचारलं.

“जाती. सही करून घ्यावीच लागती त्यास्नी.”

“मग खाली एक ता. क. घाल.”

शंकरप्पाला हसू आलं. तीस वर्षं तो अर्ज टाइप करत होता. त्याच्या अर्जात स्वल्पविरामसुद्धा साहेबाला विचारून बसायचा.

“अक्का, ता. क. पत्राला असतो. अर्जाला न्हाय. कचेरीत हसतील.”

“हसू दे. तू लिही.” तिने डोळे मिटले. “चन्नू, आई सपनात आली हुती. ही तिसरी बारी. चुलीपुढं बसून दोन ताटं वाढली. माझं जेवण झालं तरी दुसऱ्या ताटावरचं झाकण काढीना. चन्नू आला न्हाय व्हय, एवढंच इचारती. भाकरी गार हुईल म्हणती. तिला लई वाट बघायला लावू नगंस...”

ती झोपेत बोलल्यासारखी सांगत राहिली. शंकरप्पाची बोटं चालत राहिली. बाहेरच्या रिक्षांचा आवाज लांब गेला, दुकानात कुठूनतरी चुलीचा धूर आल्यासारखं वाटलं. ‘इचारती’चं ‘विचारते’ करायचं त्याच्या ध्यानातही आलं नाही.

“फोनवर सांगायचं की, अक्का,” तो हळूच म्हणाला.

“दोन वर्सं उचलत न्हाय. आन मेलेल्या माणसाचा निरोप पोचवावाच लागतोय. न्हायतर ती तशीच बसून ऱ्हाती.”

“आन जमीन?”

“घेऊ दे की त्यालाच. हरकत घेतल्याबिगर माझा कागुद त्याच्या हातात जातोय व्हय?”

शंकरप्पाने संगणकाच्या पडद्यावरचं पान खाली सरकवून पाहिलं.

“ता. क. लांबला, अक्का,” तो म्हणाला. “एका पानात बसत न्हाय.”

नागव्वाने डोळे उघडले.

“मग वरचं कमी कर की.”