सोळा पदरांचा चाबूक

वाघोलीच्या फ्लॅटमध्ये ऑफिसचं काम आटोपलं की सुगत पॅराकॉर्डचे, म्हणजे नायलॉनच्या बारीक दोरीचे, चाबूक विणायचा. कोणाला मारायला नव्हे. चाबकाने हवेत आवाज काढायचा एक खेळ असतो, आणि तो खेळणारे त्याच्याकडून हौसेने चाबूक मागवायचे. त्याचे ऐंशी वर्षांचे वडील, कचरूदादा, शेजारी बसून दोरीचे पदर सुटे करून द्यायचे. अलीकडे ते माणसांची नावं विसरायला लागले होते, पण त्यांचे हात अजून नेमके चालत. "पीळ आवळ की जरा, जेवला नाहीस का?" असं सुनावायचेही.

रविवारी सकाळी सोळा पदरांचा पहिला लांब चाबूक पुरा झाला. सुगतने दादांना कौतुकाने गच्चीवर नेलं, खुर्चीत बसवलं आणि दूर जाऊन चाबूक फिरवला. बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला.

दादा उठले. त्यांनी सदरा काढला, सुगतकडे पाठ केली आणि कठड्याला दोन्ही हात टेकून वाकून उभे राहिले.

"दादा, काय करताय? अहो, मी आहे, सुगत!"

"मालक, मला मारा हवं तेवढं," ते म्हणाले. "माझ्या बारक्या भावाला सोडा. त्यो लई लहान हाय."

सुगतने चाबूक टाकला आणि धावत जाऊन त्यांच्या अंगावर सदरा पांघरला.



'मी एकुलता एक,' असंच दादा आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले होते.